निराळ्या वाटेचे चित्रपट

चित्रपट पाहणें चांगलें कीं वाईट, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरीं अजूनहि निघतो. वडील मंडळी म्हणतात, त्यांत वेळ जातो व मन चळतें. मुलें म्हणतात, त्यांत करमणूक होते व जग कळतें. दोघांचेंहि म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे, कारण दोघेहि एकाच जातीच्या चित्रपटांविषयीं बोलत असतात. नायक, नायिका, खलपुरुष, पांचसहा गाणीं, शेवटीं मारामारी व लग्न, एवढ्या साहित्यावर जो उभा राहतो तोच काय तो चित्रपट, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु या हमरस्त्याच्या कडेनें एक पाऊलवाट अगदीं पहिल्यापासून चालत आलेली आहे. त्या वाटेनें जाणाऱ्या चित्रपटांत कधीं नट नसतात, कधीं रचलेली कथा नसते, कधीं गाणें नसतें. कधीं कधीं तर ठराविक शेवटहि नसतो. अशा चित्रपटांविषयीं एका सामान्य प्रेक्षकाला काय वाटलें, तें येथें सांगावयाचें आहे. प्रस्तुत लेखक या कलेंतला पंडित नाहीं. परंतु पुष्कळ वर्षें तो हे चित्रपट आवडीनें पाहत आला आहे. त्यांपैकीं दोन तर आपल्या खानदेशाच्या अंगणांतलेच आहेत, आणि तरीहि आपल्यापैकीं फार थोड्यांनीं ते पाहिले असतील, ही गोष्ट त्याला बोलून दाखवावीशी वाटते.

प्रथम नांवांचा उलगडा करूं. प्रत्यक्ष माणसें, प्रत्यक्ष स्थळें व प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी ज्यांत दाखविलेल्या असतात, त्या चित्रपटाला मराठींत माहितीपट अथवा अनुबोधपट म्हणतात. हे दोन्ही शब्द बहुधा एकाच अर्थानें वापरले जातात. तथापि मला त्यांत थोडा भेद करावासा वाटतो. कालव्याची लांबी किती व त्याला खर्च किती आला, एवढें सांगून जो थांबतो तो माहितीपट. त्याच कालव्याचें पाणी कोणाच्या शेतांत गेलें आणि त्यासाठीं कोणाचें शेत गेलें, हें दाखवून जो आपणांस विचार करावयास लावतो तो अनुबोधपट. दुसरा वर्ग अशा कथापटांचा, कीं ज्यांत कथा रचलेली असते, नटहि असतात, परंतु नेहमींचा मसाला जाणूनबुजून टाळलेला असतो. तिसरा वर्ग मालिकांचा. त्यांत एकच मोठा विषय अनेक भागांत क्रमाक्रमानें उलगडलेला असतो.

पुष्कळांना वाटतें कीं, अगोदर कथापट आले व हे निराळे चित्रपट मागाहून निघाले. वस्तुस्थिति उलट आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिसमध्यें ल्यूमिएर बंधूंनीं तिकीट लावून जीं हलतीं चित्रें दाखविलीं, त्यांत कारखान्यांतून बाहेर पडणारे त्यांचे स्वतःचे कामगार होते. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंत वॉटसन हॉटेलांत त्या बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर तीनच वर्षांनीं, म्हणजे १८९९ सालीं, सावेदादा या नांवानें ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं मुंबईंतील एका कुस्तीचें चित्रण केलें. आणि केंब्रिजला रँग्लर होऊन १९०१ सालीं स्वदेशीं परतलेल्या रघुनाथराव परांजपे यांचें मुंबईंत जें स्वागत झालें, तेंहि त्यांनीं टिपून ठेविलें. म्हणजे एका मराठी गृहस्थाच्या हातून आपल्या देशांत वास्तवाचें चित्रण होऊं लागलें, त्या वेळीं कथापटाचा येथें पत्ताहि नव्हता.

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतले. त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं त्यांचा जन्म झाला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. आणि आपल्या देशांतील राम-कृष्णांचीं चरित्रें पडद्यावर केव्हां दिसतील, या विचारानें त्यांना चैन पडेना, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' हें त्या तळमळीचें फळ होय. ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्यापूर्वीं त्यांनीं केलेला एक लहानसा प्रयोग फारसा कोणाला ठाऊक नसतो. कुंडींत वाटाणा पेरून त्यांनीं त्याच्यासमोर कॅमेरा मांडला, आणि रोज थोडें थोडें चित्रण ते नेमानें करीत राहिले. जें रोप वाढावयास कित्येक दिवस लागले, तें पडद्यावर पाहतां पाहतां जमिनींतून वर आलें व वाढूं लागलें. हें दृश्य पाहून भांडवल देणाऱ्या गृहस्थाची खात्री पटली, आणि मगच पुढचें सारें घडलें. डोळ्यांपुढें असूनहि जें डोळ्यांना दिसत नाहीं तें दाखवावयाचें, हें या निराळ्या वाटेचें ब्रीद त्या वाटाण्याच्या रोपांतच सांठविलेलें आहे, असें मला वाटतें.

स्वराज्यानंतर १९४८ सालीं सरकारनें फिल्म्स डिव्हिजन हें खातें काढलें, आणि त्या खात्याचे माहितीपट व वार्तापट चित्रपटगृहांतून मूळ खेळापूर्वीं दाखविणें बंधनकारक झालें. त्या काळाची आठवण पालकांपैकीं अनेकांना असेल. "आतां माहितीपट आहे, तोंवर शेंगदाणे घेऊन येऊं," असें म्हणून मीहि कित्येकदां खुर्चीवरून उठलों आहें. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्याच खात्याचा, एस. एन. एस. शास्त्री यांनीं १९६७ सालीं तयार केलेला 'आय अॅम ट्वेंटी' हा लघुपट पाहण्यांत आला. १९४७ सालीं जन्मलेल्या, म्हणजे स्वातंत्र्याएवढेंच वय असलेल्या तरुण-तरुणींना त्यांत विचारलें आहे कीं, तुम्हांला या देशाविषयीं काय वाटतें? उत्तरें ठरवून दिलेलीं नाहींत. कोणी आशेनें बोलतो, कोणी वैतागलेला आहे, कोणी हंसून वेळ मारून नेतो. सरकारी खात्याच्या चित्रपटांत एवढा मोकळेपणा असूं शकतो, हें मला फार उशिरां कळलें. शेंगदाण्यांच्या पायीं आणखी काय काय गमावलें, कोण जाणे!

आतां एक महत्त्वाचा प्रश्न. अनुबोधपटांत जें दिसतें तें सारें जसेंच्या तसें सत्य असतें काय? १९२२ सालीं रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकन गृहस्थानें 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा चित्रपट काढला. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशांत राहणाऱ्या इनुइट लोकांचें जीवन त्यांत आहे, व जगांतील पहिल्या मोठ्या अनुबोधपटांत त्याची गणना होते. परंतु बर्फाच्या घरांत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून घर अर्धेंच बांधून एक बाजू उघडी ठेवली होती. ते लोक त्या काळीं बंदुका वापरूं लागले होते, तरी त्यांना जुन्या पद्धतीनें भाल्यांनीं शिकार करावयास लाविलें होतें. चित्रपटाच्या नायकाचें नांवहि खरें नानूक नव्हतें. म्हणून हा चित्रपट खोटा म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. कारण थंडी खरी आहे, भूक खरी आहे, आणि माणसाच्या अंगचें कौशल्यहि खरें आहे. परंतु त्यापासून प्रेक्षकानें एक धडा मात्र घ्यावा. कॅमेरा आपण होऊन कोठेंच जात नाहीं. त्याला कोणीतरी नेतें. काय दाखवावें व काय गाळावें हें कोणीतरी ठरवितें. आरशाला निवड करतां येत नाहीं. चित्रपट हा पहिल्यापासून शेवटपर्यंत निवडच असतो.

हा धडा मनांत धरून आपल्या घराकडे वळूं. आनंद पटवर्धन व सीमंतिनी धुरू यांनीं १९९५ सालीं 'अ नर्मदा डायरी' नांवाचा सुमारें एक तासाचा अनुबोधपट पुरा केला. नांवाप्रमाणें ती एक रोजनिशीच आहे. नर्मदेच्या खोऱ्यांत वारंवार जाऊन, कांहीं वर्षांच्या कालांत भरलेली. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं जी महाराष्ट्रांतील आदिवासी गांवें जावयाचीं होतीं, त्यांत मणिबेली हें अगदीं आरंभींचें. हें गांव अक्कलकुवा तालुक्यांत आहे. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोंपर्यंत हा तालुका धुळें जिल्ह्यांतच मोडत होता. म्हणजे मुंबईच्या प्रेक्षकांनीं जीं माणसें दूरदेशचीं म्हणून पाहिलीं, तीं वस्तुतः आपल्या जिल्ह्याचीं होतीं. त्यांचा व धुळेंकरांचा कलेक्टर एकच होता.

या चित्रपटांत नदीकांठचीं घरें आहेत, डोंगरउतारावरचीं शेतें आहेत, मोर्चे व सभा आहेत, अधिकाऱ्यांशीं झालेले वाद आहेत. आणि पाणी चढत आलें तरी घर सोडावयाचें नाहीं, असा निश्चय केलेलीं माणसें आहेत. तो पाहतांना माझ्या मनावर सर्वांत अधिक परिणाम झाला तो घोषणांचा नव्हे, तर साध्या बोलण्याचा. ज्यांना आपण अडाणी म्हणून बाजूस सारतों, तीं माणसें कोणत्या जमिनींत काय पिकतें, जंगल काय देतें, मोबदला म्हणून दाखविलेली जमीन कां चालणार नाहीं, याचा हिशेब रोखठोक मांडतात. तो हिशेब कोणत्याहि पुस्तकांतून मला तितक्या लवकर समजला नसता.

हा चित्रपट दोन्ही बाजूंना समान न्याय देतो काय? देत नाहीं, आणि तसा आवहि आणीत नाहीं. तो उघडपणें बुडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. धरणाच्या बाजूनेंहि सांगण्यासारखें आहेच. १३८.६८ मीटर उंचीचें तें धरण १७ सप्टेंबर २०१७ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें, आणि सौराष्ट्र व कच्छ येथील तहानलेल्या प्रदेशांत नर्मदेचें पाणी पोंचलें. दुष्काळ काय असतो हें खानदेशांत कोणाला सांगावयास नको. तेव्हां त्या पाण्याची किंमत आपण कमी लेखूं नये. माझें मत एवढेंच कीं, धरणाच्या लाभाचें वर्णन करणारे पुष्कळ होते; ज्यांचें घर गेलें त्यांचें म्हणणें मांडणारे थोडे होते. न्यायालयांत एका बाजूचा वकील उभाच नसेल तर न्यायाधीश कितीहि प्रामाणिक असला तरी त्याला निकाल नीट देतां येत नाहीं. अनुबोधपट हा पुष्कळदां असा वकील असतो. न्यायाधीशाची खुर्ची मात्र प्रेक्षकाची आहे. ती त्यानें वकिलाला देऊन टाकूं नये, व रिकामीहि ठेवूं नये. आणखी एक गोष्ट आहे. नर्मदेचा तो जुना कांठ आतां पाण्याखालीं आहे. आपल्या जिल्ह्याचा एक कोपरा कसा होता, हें आपल्या मुलांना दाखवावयाचें झालें तर आज अशा चित्रफितींवांचून दुसरें साधन फारसें उरलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण मालेगांवचें. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानें निघालें कीं सुमारें पन्नास किलोमीटरवर हें यंत्रमागांचें शहर लागतें. तें नाशिक जिल्ह्यांत असलें तरी ज्या गिरणेच्या कांठीं तें वसलें आहे, तीच पुढें जळगांव जिल्ह्यांतील शेतांना पाणी देते. दिवसरात्र माग चालवावयाचे आणि शुक्रवारच्या सुटींत चित्रपट पाहावयाचे, हा तेथील कामकऱ्यांचा क्रम. लहानसें व्हिडिओगृह चालविणारे शेख नासिर यांच्या मनांत आलें कीं, आपणच चित्रपट कां काढूं नये? पैसा नाहीं, यंत्रें नाहींत, नट नाहींत. २००० सालीं 'मालेगांव के शोले' निघाला. त्यांतले डाकू घोड्यांऐवजीं सायकलींवरून येतात. उंचावरून चित्रण करावयास बैलगाडी उपयोगी पडली, आणि सरकत्या चित्रणास सायकल! पुढें त्यांनीं 'मालेगांव का सुपरमॅन' करावयास घेतला. त्यांतला महावीर अंगानें किडकिडीत, आणि त्याचें युद्ध शहरांतील घाण व तंबाखू यांच्याशीं.

हा खटाटोप चालूं असतां फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेनें त्याच्यावरच एक अनुबोधपट तयार केला: 'सुपरमेन ऑफ मालेगांव', साल २००८. पहिली पंधरा मिनिटें आपण पोट धरधरून हंसतों. हिरव्या कापडापुढें आडवा होऊन उडण्याचा अभिनय करणारा महावीर पाहून कोण हंसणार नाहीं? मग हळूहळू हंसणें मंदावतें. हीं माणसें दिवसभराच्या मजुरीनंतर, पदरचे पैसे घालून, एवढ्या निष्ठेनें राबत आहेत, हें ध्यानांत येतें, आणि आपल्या हंसण्याची आपणांसच थोडी लाज वाटते. महावीराचें काम करणारे शफीक शेख हे यंत्रमागावरचे कामगार होते. २०११ सालीं कर्करोगानें त्यांचें निधन झालें. २०१२ सालीं हा अनुबोधपट चित्रपटगृहांत लागला, तेव्हां तो पाहावयास ते नव्हते. याच हकीकतीवर रीमा कागती यांनीं काढलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगांव' हा कथापट २०२५ सालीं प्रदर्शित झाला. तोहि कसबानें केलेला आहे व पाहण्यासारखा आहे. परंतु दोन्ही पाहिल्यावर माझा कौल पहिल्याकडे जातो. उत्तम नट दुःखाचा अभिनय करूं शकतो. पण आपण पडद्यावर दिसणार या आनंदानें शफीक यांच्या चेहऱ्यावर जें हसूं आलें आहे, तें कोणाला शिकून येणार नाहीं.

याचा अर्थ रचलेल्या कथेला कांहीं मोल नाहीं, असा कोणी करूं नये. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलांत शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं चित्रपट काढला. त्यांत प्रेमकथा नाहीं, मारामारी नाहीं. एक गरीब आई व तिचा मुलगा, एवढेंच. राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकें सुरू झालीं त्या पहिल्याच वर्षीं, १९५४ मध्यें, राष्ट्रपतींचें सुवर्णपदक त्याला मिळालें. पुण्याच्या सुमित्रा भावे यांची गोष्टहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. झोपडपट्टींतील स्त्रियांविषयीं त्यांनीं संशोधन केलें. परंतु ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांना तें वाचतां येत नव्हतें. मग तें त्यांच्यापर्यंत कसें पोंचवावें? म्हणून १९८५ सालीं त्यांनीं 'बाई' हा लघुपट काढला, व पुढें सुनील सुकथनकर यांच्यासह 'दोघी', 'देवराई', 'कासव' असे चित्रपट दिले. चित्रपटाकडे त्या कीर्तीसाठीं नव्हे, तर वाचतां न येणाऱ्या माणसाचें ऋण फेडावयास वळल्या, असें मला वाटतें.

मालिकांविषयीं थोडक्यांत सांगतों. डेव्हिड अॅटनबरो यांची 'लाइफ ऑन अर्थ' (१९७९) व कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' (१९८०) या दोन्ही तेरा तेरा भागांच्या. पहिली जीवसृष्टीचा क्रम दाखविते, दुसरी आकाशाचा विस्तार. शास्त्राच्या पुस्तकाला ज्या विद्यार्थ्याचें मन लागत नाहीं, त्याला यांपैकीं एक भाग दाखवून पाहावा. श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' (१९८८) ही त्रेपन्न भागांची मालिका, पंडित नेहरूंनीं त्या वेळच्या अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत लिहिलेल्या ग्रंथावर आधारलेली आहे. तिच्यांत मधून मधून नाट्य येतें व कांहीं भाग रेंगाळतात, तरी एवढ्या मोठ्या देशाचा इतिहास एका दमांत सांगण्याचें धाडस त्यांत आहे. याउलट खऱ्या खुनांच्या व फसवणुकीच्या ज्या मालिका हल्लीं घरोघरीं पाहिल्या जातात, त्या मला रुचत नाहींत. कोणाच्या तरी घरचा खरा आकांत भागाभागांत कापून, पुढें काय झालें याची हुरहुर लावून विकावयाचा, हें सत्याचें दर्शन नव्हे. तो सत्याचा बाजार आहे.

तर मग असे चित्रपट पाहावेत कसे? माझ्यापुरते मीं चार प्रश्न ठरविले आहेत. हें कोण सांगत आहे, आणि त्याचा यांत काय संबंध आहे? कोणाचें म्हणणें ऐकूं आलें नाहीं? संगीत काढून घेतलें तर याच दृश्यानें माझें मन असेंच हेलावेल काय? आणि शेवटचा, चित्रपट संपल्यावर मीं काय करावें? पालकांनीं मुलांबरोबर बसून पाहावें व नंतर हे प्रश्न जेवतांना काढावे. मुलांनीं आणखी एक करावें. जो फोन घरोघरीं आहे त्यांत कॅमेरा आहेच. मृगबागेंतील एखाद्या केळीपुढें रोज ठराविक वेळीं, ठराविक जागेवरून एक छायाचित्र घ्या. केळफूल बाहेर पडून घड भरेपर्यंत नेम मोडूं नका. तीं छायाचित्रें एकामागून एक झरझर पाहाल, तेव्हां दादासाहेबांना वाटाण्याच्या रोपानें जो आनंद दिला तो तुम्हांला तुमच्या जळगांवच्या केळींत सांपडेल. कदाचित् बागेंत पाणी देणाऱ्या माणसाकडेहि त्यानंतर तुम्ही निराळ्या दृष्टीनें पाहाल.

शाळेंतील प्रार्थनेच्या वेळीं चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण अनेकदां ऐकलेली आहे. रस्त्याच्या कडेला जखमी होऊन पडलेल्या माणसाला त्या एकट्यानेंच पाहिलें असें नाहीं. त्याच्या आधीं गेलेल्या याजकानें पाहिलें होतें, लेव्यानेंहि पाहिलें होतें. दृष्टि तिघांनाहि होती. थांबला मात्र एकच. निराळ्या वाटेचे चित्रपट आपणांस फार तर दृष्टि देऊं शकतील. मणिबेलीचें घर व मालेगांवचा यंत्रमाग ते आपल्या खोलींत आणून ठेवतील. थांबावें कीं पुढें जावें, हें पडदा मिटल्यावर ज्याचें त्यानें ठरवावयाचें आहे.